जोडी, छाप आणि चार ठोके

गणपतीच्या मिरवणुकीत रात्री साडेनऊच्या सुमाराला, पोलिसांचा ‘आता आवरा’ हा निरोप यायच्या आत, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातला डीजे एकदा तरी ऐंशीच्या दशकात जाऊन येतो. पोरं नव्या गाण्यांवर नाचतच असतात. त्यांच्या बापांना आणि चुलत्यांना कडेच्या दुकानांच्या पायऱ्यांवरून रस्त्यात ओढायचं असेल, तर मात्र ‘जिमी जिमी’ला पर्याय नाही. १९८२च्या डिसेंबरात आलेल्या ‘डिस्को डान्सर’मधलं हे गाणं. आवाज पार्वती खान यांचा, संगीत बप्पी लाहिरींचं. त्याची चाल ‘ओटावान’ या फ्रेंच डिस्को जोडीच्या १९८० सालच्या ‘ते ओके’वर बेतलेली आहे, हे जाणकार कधीपासून सांगत आलेत. ओटावान म्हणजे स्टेजवर दिसणारे दोन चेहरे. गाणी रचणारे दोघे वेगळेच होते : जाँ क्लुजे आणि डॅनियल वांगार्द. यातलं वांगार्द हे घेतलेलं नाव, खरं आडनाव बांगाल्तेर. या बांगाल्तेरांच्या घरी जानेवारी १९७५मध्ये मुलगा झाला, तोमा. तोमाने पुढे गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो या शाळासोबत्याला घेऊन एक जोडी जमवली. तिचं नाव डाफ्ट पंक.

म्हणजे आपल्याकडच्या चुलत्यांना नाचवणारी चाल आणि डिस्कोच्या पोटातून आलेल्या हाऊस संगीतातली सगळ्यात गाजलेली जोडी, दोन्हींचं घर एकच. आता ही जोडी आपल्या गाडीवर वाजते का? फारशी नाही. पण ती ज्या ठोक्यावर उभी राहिली तो ठोका पेठ नाक्यापासून कृष्णाकाठापर्यंत रोज कुठे ना कुठे, लग्नात, वाढदिवसाला, निवडणुकीच्या गुलालात वाजत असतो. आणि या धंद्यात नाव कुणाचं होतं आणि पैसे कुणाला मिळतात, हा जो पॅरिसच्या जोडीने आयुष्यभर सोडवत आणलेला प्रश्न, तो इथल्या पोरांपुढे जसाच्या तसा उभा आहे. म्हणून त्यांची कारकीर्द इस्लामपूरच्या रस्त्यावर उभं राहून सांगायची.

तोमा आणि गी-मान्युएल भेटले १९८७ साली, पॅरिसच्या लिसे कार्नो या शाळेत. आधी त्यांनी गिटार घेऊन ‘डार्लिन’ नावाचा बँड काढला. सोबत लोरां ब्रांकोविट्झ होता, तो पुढे ‘फीनिक्स’ या बँडमध्ये गेला. १९९३मध्ये ‘मेलडी मेकर’ या इंग्रजी साप्ताहिकाने डार्लिनच्या संगीताची ‘डाफ्ट पंकी’ म्हणून टर उडवली, म्हणजे मूर्ख पंकछाप धिंगाणा. बँड मोडला. दोघांनी टिंगलीचा शब्द उचलून पाटीवर लावला. याला अंगात रग लागते, शिवाय थोडी गंमत करायची तयारीही. गिटारी बाजूला पडल्या, तोमाच्या अठराव्या वाढदिवसाला आलेल्या पैशांत पहिली यंत्रं आली आणि त्याच्या झोपायच्या खोलीत कारखाना सुरू झाला. १९९४मध्ये ग्लासगोच्या ‘सोमा’ कंपनीने पहिली रेकॉर्ड काढली, १९९५मध्ये ‘दा फंक’ आलं, जानेवारी १९९७मध्ये ‘होमवर्क’ हा पहिला अल्बम. नाव अगदी रास्त, कारण सगळं काम घरीच केलेलं.

‘होमवर्क’मध्ये ‘टीचर्स’ नावाचा तुकडा आहे. त्यात ठोक्यावर नुसती नावं घेतली आहेत, बहुतेक शिकागोच्या डीजेंची. आपल्याकडे गणानंतर गुरूचं नाव घ्यायची रीत आहे, तिचाच हा भाऊबंद. दोन गोऱ्या, सुखवस्तू घरच्या फ्रेंच पोरांनी हे ऋण नावानिशी मांडलं याचं मला अप्रूप वाटतं, कारण त्या नावांच्या वाट्याला तोवर फार थोडं आलेलं होतं.

शिकागोची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १२ जुलै १९७९ला तिथल्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओवाल्याने डिस्कोच्या रेकॉर्डी जाळायचा कार्यक्रम ठेवला. रेकॉर्ड आणा, ९८ सेंटांत आत या. दोन सामन्यांच्या मध्ये त्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटकांनी उडवला, हजारोंचा जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द झाला. प्रेक्षकांना जागा दाखवायच्या नोकरीवर त्या दिवशी तिथे विन्स लॉरेन्स नावाचा काळा पोरगा होता. लोकांनी जाळायला आणलेल्या रेकॉर्डींत डिस्को नसलेल्या, पण काळ्या कलावंतांच्या रेकॉर्डीही होत्या, हे त्याने नंतर अनेकदा सांगितलं. डिस्को हे काळ्यांचं, लॅटिनांचं, समलिंगी पोरांचं नाचगाणं होतं. राग गाण्यावर किती आणि नाचणाऱ्यांवर किती, हे त्या धुरात कळणं अवघड होतं.

डिस्कोचा धंदा बसला, नाच काही बसला नाही. शिकागोतल्या ‘वेअरहाऊस’ या क्लबात फ्रँकी नकल्स १९७७पासून वाजवत होता. जुन्या डिस्को रेकॉर्डी तो कापून, लांबवून, खाली यंत्राचा ठोका घालून वाजवायचा. या क्लबच्या नावातला शेवटचा तुकडा त्या संगीताला चिकटला : हाऊस. १९८४मध्ये जेसी साँडर्सने ‘ऑन अँड ऑन’ ही पहिल्या हाऊस रेकॉर्डींतली एक मानली जाणारी रेकॉर्ड काढली, आणि तिच्या रचनेत साँडर्सचा जोडीदार होता तोच, मैदानावर जागा दाखवणारा विन्स लॉरेन्स.

या सगळ्यांच्या हातात यंत्रं कुठून आली? जपानमधून, तीही पडेल भावात. ओसाकात इकुतारो काकेहाशी यांनी १९७२मध्ये रोलँड कंपनी काढली होती. तिचं ८०८ हे ड्रमयंत्र १९८०चं. ड्रमर परवडत नसेल तर हे घ्या, अशी त्यामागची कल्पना. पण आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून वादकांनी नाक मुरडलं. ३०३ हे बेसगिटारची जागा घ्यायला केलेलं चंदेरी डबडं तर त्याहून पडलं. १९८३मध्ये ९०९ आलं, दोन वर्षांत बंद झालं. बंद पडलेली यंत्रं जुन्या बाजारात आणि गहाणवटीच्या दुकानांत आली आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी ती उचलली. हाऊसचा तो पोटात बसणारा ठोका ९०९चा. पॅरिसच्या त्या झोपायच्या खोलीतही ९०९ होतं.

याच यंत्रांची एक पाती मुंबईत येऊन गेली होती, शिकागोच्या आधी. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे चरणजित सिंग यांनी ८०८, ३०३ आणि रोलँडचाच ज्युपिटर-८ समोर ठेवून १९८२मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठोक्यावर. विकली गेली नाही. पुढे एका डच संग्राहकाला, एडो बाउमन यांना, ती दिल्लीत सापडली आणि २०१०मध्ये त्यांनी ती पुन्हा काढली. ऐकणाऱ्यांनी कपाळाला हात लावला : १९८७च्या सुमाराला शिकागोत ‘ॲसिड हाऊस’ म्हणून जे जन्मलं ते ऐकल्यासारखं वाटत होतं. सिंग यांना तो प्रकार ठाऊकही नव्हता. ज्यात आरोह-अवरोह सरकत सरकत वाजवता येतात असं यंत्र त्यांना मिळालं आणि त्यांनी त्यावर राग वाजवले, इतकं साधं. उतारवयात त्यांना युरोपात कार्यक्रम मिळाले. २०१५मध्ये ते गेले.

इस्लामपुरात रोलँड पोचलं ते बेंजोच्या गाडीतून. आधी बँड होता. लाल-निळे कोट, क्लॅरिनेट, नवऱ्या मुलासमोर ‘नागीन’. मग बेंजो पार्टी आली. गाडीवर कीबोर्ड, बेंजो, कोंगो आणि पुढच्या बाजूला ऑक्टापॅड बडवणारा पोरगा, ज्याच्याकडे गल्लीतल्या सगळ्या पोरांचं लक्ष. ऑक्टापॅड रोलँडचंच. त्यानंतर डॉल्बी. सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. खरं तर ही मूळची आवाजातली खरखर कमी करणारी कंपनी. रे डॉल्बींनी आमच्याकडची एक मिरवणूक ऐकली असती तर त्यांनी बहुधा नाव परत मागितलं असतं.

डॉल्बीची गाडी लावताना एकदा जवळून बघावी. खाली ट्रॉली असते उसाची. राजारामबापू कारखान्याचं आणि भोवतालच्या कारखान्यांचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. त्याआधी गणपती-नवरात्रात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रिकाम्या, त्यामुळे हंगाम एकमेकांच्या आड येत नाहीत. ट्रॉलीच्या बाजूच्या फळ्या उतरवतात आणि तळाला बेस लावतात, अठरा इंची स्पीकरांचे लाकडी खोके, दोन माणसांनाही जड. त्यावर मिड, वर टॉप, दोरखंड आणि साखळ्यांनी आवळलेले. दोन्ही बाजूंना लायटी. मागे दुसऱ्या गाडीवर जनरेटर, त्याची धडधड वेगळीच. अँप्लिफायरच्या रॅकपाशी पंखा लागतोच, नाहीतर ऐन चौकात सेट बसतो. मध्ये टेबलावर लॅपटॉप आणि मिक्सर, मागे ऑपरेटर, कानावर हेडफोन एकाच बाजूला. आणि सगळ्यात वर, भिंतीच्या माथ्यावर, हातात बांबू घेतलेला एक पोरगा. विजेची आणि केबलची तार आडवी आली की बांबूने उचलायची, गाडी खालून जाऊ द्यायची, तार सोडायची. सगळ्या मिरवणुकीत न नाचणारा तो एकटा, आणि त्याचंच काम जिवावरचं.

ऑपरेटरचं काम मात्र बाहेरून दिसत नाही. लोकांना वाटतं तो बटण दाबतो. एक गाणं चालू असताना हेडफोनमध्ये तो पुढचं ऐकत असतो, त्याचा वेग आधीच्याशी जुळवत असतो. हाऊसचा वेग मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांच्या घरात, प्रत्येक मात्रेवर खाली बास ड्रम, दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत झांजेसारखा हायहॅट. चार ठोके, पुन्हा चार. लेझमाची पावलं ज्याला येतात त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. दोन गाण्यांचे ठोके एकावर एक बसले की तो जुन्याचा बेस काढतो आणि नव्याचा सोडतो. एवढ्यात चूक झाली तर नाचणाऱ्यांचं पाऊल घसरतं आणि लगेच कुणीतरी हात वर करून शिवी घालतो. आपला माणूस गर्दीत असेल तर सांगतो, जरा हलगी टाक. हलगी येते ती रेकॉर्ड केलेली, संगणकात तुकडे करून ठोक्यात बसवलेली. हलगी ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं. ते जगणं अण्णा भाऊ साठ्यांनी लिहिलं, आणि त्यांचं वाटेगाव याच वाळवा तालुक्यात. रिमिक्समधली हलगी ऐकताना मला कॉमिस्की पार्क आठवतं ते त्यामुळेच : वाद्य हवं, वाजवणारा आपल्या अंगणात नको, हा हिशेब दोन्हीकडचा सारखाच.

आणि त्या हलगीवर, दर अर्ध्या-एक मिनिटाने, कुणाचं तरी नाव घुमतं. डीजे अमुक, इन द मिक्स. कधी बाईच्या यांत्रिक आवाजात, कधी सिंहाच्या डरकाळीसकट. सुशिक्षित कानांना हे फार खुपतं, गाण्याचा विचका वाटतो. पण आपल्या शाहिरांची छाप याहून वेगळी काय होती? लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव यायचंच. होनाजी शिलारखाने रचायचे, बाळा करंजकर गायचे, आणि लोकांच्या तोंडी राहिलं ते एकच नाव, होनाजी बाळा. दोन माणसं, एक छाप. वाळवा तालुक्यातल्याच रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्यांनी गाव, जात, सगळं सोडून फड धरला आणि ते पठ्ठे बापूराव झाले. पवळाबाईंची आणि त्यांची जोडी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. १९४५मध्ये बापूराव विपन्नावस्थेत गेले. लावण्यांतली छाप तेवढी शाबूत होती. छापखाना, कॉपीराइट, रॉयल्टी यांपैकी काही हाताशी नसताना रचनेवर मालकी सांगायची एकच जागा शाहिराकडे होती, रचनेच्या आत. डीजेची परिस्थिती तीच आहे. त्याने दुसऱ्याच्या गाण्यावर काम केलेलं असतं, त्यामुळे कायद्याने ते त्याचं नाही. फाइल एका पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर जाते, व्हॉट्सॲपवर फिरते, सोलापूरला वाजते, बेळगावला वाजते. सुपारी गाडीच्या मालकाला मिळते. रिमिक्स करणाऱ्याला मिळतं ते नाव, तेही आत ठोकून बसवलेलं असेल तरच.

आपल्या भागाला जोड्यांचं वेड जुनंच आहे. सांगलीजवळच्या कवलापूरचे शिवा-संभा, आणि त्यांतल्या संभांची जुळी मुलं लहू आणि अंकुश खाडे. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी दोन शिपायांची कामं केली, काळू आणि बाळू, आणि ती सोंगं त्यांना अशी चिकटली की फडाचं नाव तेच झालं. चेहरे सारखे असल्यामुळे एक आत जाऊन दुसरा बाहेर यायचा आणि तंबू डोक्यावर यायचा. लहू कोण, अंकुश कोण, हे जत्रेतल्या माणसाला सांगता आलं नसतं, आणि त्याची त्याला गरजही नव्हती.

डाफ्ट पंकने हेच केलं, यंत्राच्या मदतीने. ते सांगायचे, ९ सप्टेंबर १९९९ला सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांनी आमच्या स्टुडिओत यंत्राचा स्फोट झाला आणि शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही यंत्रमानव झालो होतो. २००१मध्ये ‘डिस्कव्हरी’ हा दुसरा अल्बम आला तेव्हापासून डोक्यावर शिरस्त्राणं, एक चंदेरी, एक सोनेरी. पुढची वीस वर्षं जाहीरपणे चेहरा दिसला नाही. दोघंही सकाळी पॅरिसात पाव आणायला जाऊ शकत होते आणि कुणी वळून बघत नव्हतं. अशी प्रसिद्धी कुणाला नको असेल? सोंग होतं, पण त्यात व्यवहारही पक्का होता. वडिलांनी ऐंशीच्या दशकात रेकॉर्ड कंपन्या आतून पाहिलेल्या. ‘होमवर्क’च्या वेष्टनावर वांगार्द यांचे सल्ल्याबद्दल आभार मानले आहेत. व्हर्जिन या मोठ्या कंपनीशी करार करताना या विशीतल्या पोरांनी ध्वनिमुद्रणांची मालकी आपल्या ‘डाफ्ट ट्रॅक्स’कडेच ठेवली, कंपनीला फक्त विकायचा परवाना. डीजेंच्या जगात हा शहाणपणा दुर्मीळ.

संगीताची त्यांची खास करामत म्हणजे फिल्टर. जुन्या डिस्को रेकॉर्डीचा दोन-चार सेकंदांचा तुकडा घ्यायचा, तो फिरवत ठेवायचा आणि त्यातले वरचे, खालचे स्वर झाकत-उघडत जायचं. कनातीबाहेर उभं राहून आतला ऑर्केस्ट्रा ऐकावा, नुसती घुमघुम, आणि मग कुणीतरी कनात वर करावी, तसं होतं. ती कनात वर जायच्या क्षणासाठी लोक नाचतात. ‘डिस्कव्हरी’तलं ‘वन मोअर टाइम’ अशाच एका तुकड्यावर उभं आहे. रोमँथनी या गायकाचा आवाज त्यावर. खालचा तुकडा एडी जॉन्स नावाच्या गायकाच्या १९७९मधल्या ‘मोअर स्पेल ऑन यू’चा. अल्बमच्या वेष्टनावर उसन्या घेतलेल्या चार गाण्यांची नोंद आहे, त्यात जॉन्सचं नाव नाही.

एडी जॉन्स मूळचा लायबेरियाचा. पॅरिसला आला, रेकॉर्ड केली, ती चालली नाही. पुढे अमेरिकेत गेला. २०२१मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने त्याला शोधून काढलं. पक्षाघात होऊन गेलेला, अनेक वर्षं बेघर म्हणून काढलेली. जगभर वाजणाऱ्या त्या गाण्याखाली त्याच्या रेकॉर्डचा तुकडा आहे, पण त्याचा त्याला एक पैसा मिळालेला नव्हता. डाफ्ट पंककडून पैसे जात होते, पण हक्क ज्या कंपनीकडे होते तिला. कंपनीचा आणि गायकाचा संपर्कच नव्हता. बातमी आल्यावर कंपनीने त्याला पैसे देण्याची तयारी दाखवली. या प्रकरणात कुणी चोरी केली असं म्हणता येत नाही. कागद सगळे जागच्या जागी होते, माणूस तेवढा कागदावर नव्हता. वडिलांची चाल मुंबईत नाव न घेता वाजली, मुलाच्या गाण्यात दुसऱ्याचा तुकडा नाव न घेता आला. बांगाल्तेर घराण्याचा हिशेब असा दोन्ही बाजूंनी लिहिलेला आहे.

आपला कॉपीराइट कायदा याबाबतीत मजेशीर आहे. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, जो त्यांना कंपनीला लिहून देता येत नाही. पण धार्मिक समारंभात वाजवलेल्या संगीताला कलम ५२ने सूट दिलेली आहे आणि लग्नाची वरातही त्यातच धरलेली आहे. म्हणजे गाणं जिथे सगळ्यात मोठ्याने वाजतं तिथेच त्याच्या कर्त्याला काही मागता येत नाही. मी सूट रद्द करा म्हणत नाही. गल्लीतल्या मंडळाने आरतीचेही पैसे भरावेत का? पण डॉल्बीबद्दल आपल्याकडे जेवढी चर्चा झाली ती सगळी डेसिबलची झाली, हे खरं.

आणि डेसिबलची चर्चा व्हायलाच हवी होती. २०१४च्या विसर्जन मिरवणुकीत साताऱ्याच्या राजपथावर जुन्या इमारतीची भिंत कोसळून तिघांचा जीव गेला आणि बोट डॉल्बीच्या हादऱ्यांकडे दाखवलं गेलं. २०२३च्या गणेशोत्सवात सांगली जिल्ह्यातले दोन तरुण, एक इथून जवळच्या दुधारीचा, एक तासगावकडच्या कवठेएकंदचा, मिरवणुकीच्या आवाजात कोसळले आणि गेले अशा बातम्या होत्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी. वर्षातले पंधरापर्यंत दिवस सरकारला ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. ५५ डेसिबलात डॉल्बीचा जनरेटरसुद्धा चालत नाही. त्यामुळे दरवर्षी बैठक होते, डॉल्बीमुक्तीची शपथ होते, पारंपरिक वाद्यांचं आवाहन होतं, काही मंडळं खरोखर ढोल-लेझमाकडे वळतात, आणि उरलेल्यांच्या गाड्या रात्री मिक्सरसकट पोलीस ठाण्याच्या आवारात उभ्या राहतात. गुन्हा ऑपरेटरवरही होतो. मंडळाचा आधारस्तंभ म्हणून फलकावर ज्याचा फोटो असतो तो सहसा यादीत नसतो.

हाऊस मुळात बंद खोलीतलं, पहाटेपर्यंत चालणारं संगीत. वेअरहाऊसला भिंती होत्या, आवाज आत राहायचा. आमच्याकडे त्यासाठी जागा नाही. हजारोंनी अभियांत्रिकीची आणि इतर पोरं राजारामनगरच्या नि इस्लामपूरच्या कॉलेजांत शिकतात, पण वीस-बावीस वर्षांच्या पोराला गाण्यावर नाचायची हक्काची जागा म्हणजे रस्ता, आणि निमित्त म्हणजे देव, नवरदेव किंवा नगरसेवक. संभूआप्पा-बुवाफन उरुसात सगळं गाव, हिंदू-मुसलमान, रात्र जागवतं. तिथे तमाशाचे तंबू लागत तेव्हा नाचगाण्याला निदान कनात तरी होती. (जुलै २०२५मध्ये गावाचं नाव ईश्वरपूर करायची घोषणा विधानसभेत झाली. फोनवर सुपारी ठरवताना मात्र अजून ‘इस्लामपूरला या’ असंच म्हणतात.)

डाफ्ट पंकनेही २००६मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात वाजवलं ते तंबूतच. दिव्यांचा पिरॅमिड आणि त्याच्या टोकाशी दोन शिरस्त्राणं. शार्पी दिवे आणि एलईडीच्या भिंती लावणाऱ्या आजच्या प्रत्येक गाडीच्या वंशावळीत तो पिरॅमिड आहे, मालकाला माहीत असो वा नसो. मधला, २००५चा अल्बम त्यांनी सहा आठवड्यांत उरकला होता आणि तो तसाच वाटतो. मग २०१३मध्ये ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’. इथे त्यांनी उलटा डाव टाकला : उसने तुकडे जवळपास बंद, जिवंत माणसं बोलवायची. डिस्कोचा गिटारवाला, ‘शीक’चा नाइल रॉजर्स, ‘गेट लकी’त प्रत्यक्ष वाजवतो. डिस्कोला यंत्राचा बेस देणारा जॉर्जिओ मोरोडर नऊ मिनिटांच्या तुकड्यात आपली गोष्ट स्वतः सांगतो. ज्यांच्या रेकॉर्डी कापून हाऊस तयार झालं त्यांना स्टुडिओत बोलावून, नाव छापून, पैसे देऊन वाजवायला लावलं. एडी जॉन्सच्या बाबतीत जे झालं नव्हतं ते इथे झालं. जानेवारी २०१४मध्ये या अल्बमला आणि ‘गेट लकी’ला मिळून पाच ग्रॅमी मिळाले. यंत्रमानव स्टेजवर गप्प उभे. बोलले ते त्यांचे सोबती.

२२ फेब्रुवारी २०२१ला ‘एपिलॉग’ नावाची आठ मिनिटांची चित्रफीत आली. वाळवंटात एका यंत्रमानवाचा स्फोट होतो, दुसरा चालत निघून जातो. जोडी मोडली, कारण सांगितलं नाही. तोमाने २०२३मध्ये ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं बॅले संगीत उघड्या चेहऱ्याने, स्वतःच्या नावाने काढलं. त्याच वर्षी ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ची ड्रम काढून टाकलेली आवृत्ती विकायला आली. हिला आमच्याकडे कुठलंही मंडळ सुपारी देणार नाही.

मराठीतली हाऊसची जोडी दिसली ती २०२४मध्ये. क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे, ठोका बांधणारा; श्रेयस सागवेकर, शब्द आणि आवाज. होनाजी आणि बाळा यांची वाटणी काहीशी अशीच होती. ‘तांबडी चामडी’ हे त्यांचं गाणं ‘स्पिनिन’ या नेदरलँड्सच्या, नाचाच्या संगीतात दबदबा असलेल्या कंपनीने काढलं. त्याआधी २०१६मध्ये अजय-अतुल या दुसऱ्या एका जोडीने ‘झिंगाट’मध्ये गाडीवरचा दणका सिनेमात नेला होता, पण तो सिनेमाचा दणका होता. ‘तांबडी चामडी’ सरळ हाऊस आहे. बेस कोरडा, ठोका सुटा, वर सावळ्या रंगाचा ताठा मिरवणारा मराठी आवाज. गोऱ्या सुनेच्या जाहिरातींवर वाढलेल्या समाजात हा ताठा नाचताना सहज तोंडात बसला, याचं श्रेय त्या कोरड्या ठोक्याला बरंच जातं; शब्दांना त्याने जागा दिली. त्या वर्षीच्या गणपतीत ते जिकडेतिकडे वाजलं.

कंपनीच्या रेकॉर्डवर दोघांची नावं आहेत, क्रेटेक्स आणि श्रेयस. इस्लामपूरच्या गाडीवर ते गाणं पोचतं तेव्हा मात्र त्याचा वेग वाढलेला असतो, खाली हलगी आलेली असते आणि पहिल्या कडव्याच्या आतच त्यावर तिसऱ्याच कुणाची तरी छाप बसलेली असते.